शेवटच्या बाकावरून दिसणारा काटा

४ जुलै

प्रिय मामा,

फोन सोडून पत्र का, असं विचारशील, म्हणून आधीच सांगते. घरातला फोन आईच्या खुर्चीच्या हाताशी असतो. मी तुझ्याशी बोलायला लागले की माझ्या प्रत्येक वाक्याला तिची पुरवणी. "त्याला सांग, खोकला बरा आहे." मी सांगते. "मी सांगायला सांगितलं असं कशाला सांगितलंस?" मोबाइल घेऊन गच्चीवर गेले तर पुरवणी जिन्यातून वर येते. तेव्हा पत्र. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

बातमी अशी, की शाळेने सहावी ते आठवीसाठी नवा तास काढलाय, 'आहार आणि व्यायाम', आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. खरं सांगायचं तर मीच गळा पुढे केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सत्र संपताना मला फरक दिसला पाहिजे. दिसला तर तास राहील, नाहीतर गणिताला जाईल." शेजारी गणिताचे सर बसले होते. त्यांनी तेव्हाच मनातल्या मनात वेळापत्रक मांडलं.

पहिल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना 'खाण्याची वही' ठेवायला सांगितली. काल काय काय खाल्लं ते लिहायचं. चाळीसच्या चाळीस वह्यांत दूध, पालेभाजी आणि फळ. एकाने तर 'झोपताना गाजर' लिहिलं होतं, आणि तो ते लिहीत असताना बाकाखाली वेफर्सची पिशवी कुरकुरत होती. मी म्हटलं, खरं लिहा, याला मार्क नाहीत. तर एकीने विचारलं, "बाई, खरं लिहिलं तर आईला दाखवणार का?" नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. एकाने लिहिलंय, "तीन बिस्किटं, मग तीन, मग पुडा संपला म्हणून थांबलो." इतका प्रामाणिक माणूस मी मोठ्यांत पाहिलेला नाही.

तू आणि आई त्या वयाची असताना काय खायचात, काय खेळायचात, ते लिही ना. वर्गात वाचून दाखवीन. आईला विचारलं तर म्हणते, "तेव्हा कुठलं खाणं आणि कुठलं खेळणं." तिला म्हटलं, संध्याकाळी माझ्याबरोबर दोन गल्ल्या तरी चाल, मुलांना चाला म्हणून सांगताना मला माझ्याच घराची लाज वाटते. तर तिचं ठरलेलं उत्तर, "माझा पाय." डॉक्टरांना पायात काही सापडत नाही. लहानपणी नेमकं काय झालं होतं रे त्या पायाला?

तुझी,
भिंगरी

१३ जुलै

चि. भिंगरीस,

तुझं पाकीट आलं तेव्हा कारखान्यातली माणसं कामं थांबवून बघायला लागली. फोरमन हळूच म्हणाला, "साहेब, नोटीस का?" हल्ली कागदावर फक्त वाईट बातमी येते अशी त्यांची समजूत आहे. मी म्हटलं, भाचीचं पत्र आहे. तर म्हणे, "सगळं ठीक आहे ना तिकडे?"

आमचं खाणं विचारलंस. दुपारी प्रत्येकी एक उकडलेला बटाटा, आणि कागदाच्या पुडीत मीठ. पुडी ताईकडे. माझ्याकडे दिली तर मी शाळेत पोचायच्या आधी नुसतं मीठ चाटून संपवायचो. बटाटा ताई सोलायची, नखाने, साल एका तुकड्यात निघेल अशी, आणि दोन्हींतला मोठा मला. संध्याकाळी भात, त्यात जे असेल ते. असेल ते म्हणजे पाणी जास्त आणि डाळीची आठवण.

आणि व्यायाम? तो शब्द आम्हाला माहीत नव्हता. आम्हाला उशीर हा शब्द माहीत होता. शाळा दोन मैलांवर, आणि फाटकात शिट्टीमास्तर उभे. त्यांची शिट्टी वाजायच्या आत आत शिरायचं. शिट्टीत वाटाणा होता. तो ओला असला तर आवाज बसका यायचा, आणि मी लांबूनच ओळखायचो, की मास्तर आत्ताच चहा पिऊन आलेत, घटकाभर उशिरा वाजवतील. "ताई, हळू चल, वाटाणा ओला आहे." या कानांवरच पुढे पोट भरलं. वजनकाट्यातली स्प्रिंग थकली की डोळ्याला दिसायच्या आधी मला ऐकू येते. तेलाचा डबा आणि फडकं घेऊन दुरुस्तीच्या दुकानात बसलो, आणि आज वजनकाट्यांवर माझी स्वतःची पाटी आहे, ते याच दोन कानांमुळे.

पायाचं म्हणशील, तर फार जुनी गोष्ट. नीट आठवत नाही.

तुझ्या मुख्याध्यापिकेचं मात्र मला पटलं. फरक दिसला पाहिजे. आणि बाळ, फरक दाखवायचा तर काटा लागतो. मी तुझ्या वर्गासाठी एक बनवायला घेतलाय. माणसाने उभं राहायचा चौथरा, आणि खांबावर भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी. शेवटच्या बाकावरच्याला चष्म्याशिवाय आकडा वाचता आला पाहिजे. नाही आला, तर पाटीवरचं माझं नाव पुसून टाकीन.

मामा

२९ जुलै

प्रिय मामा,

काटा पोचला. चार जणांनी उचलून आणला आणि शाळेतलं निम्मं कामकाज बंद पडलं. शिपाई चढला, गणिताचे सर चढले. मुख्याध्यापिका चढल्या आणि उतरल्यावर म्हणाल्या, "पर्स जड आहे माझी."

तुझं पत्र वर्गात वाचलं. वाटाण्याच्या जागी मुलांनी मला दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी अकरा जणांनी डब्यात उकडलेला बटाटा आणला. एकाने साल एका तुकड्यात काढायचा प्रयत्न केला आणि निम्मा बटाटा सालीबरोबर गेला. मी मैदानावर खडूने मोठं ताट काढते. निम्म्यात भाज्या-फळं, चौथाईत भात किंवा पाव, उरलेल्या चौथाईत डाळ-अंडं. मुलं पळत जाऊन आपापल्या डब्यातली वस्तू ज्या भागात बसते तिथे उभी राहतात. वेफर्सवाला ताटाबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी हात धुवायच्या भांड्यात आहे."

लांब दोरीच्या उड्याही सुरू केल्या. दोघी दोरी फिरवतात, बाकीची एकेक करून आत शिरतात. मग मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे. काहींना आपल्याला नाडी आहे याचंच नवल वाटलं.

काटा ठीक आहे.

एक विचारायचं होतं. तुझ्या कामात तू शंभर तऱ्हेची माणसं पाहिलीस. एखादं मूल आठवडाभर शाळेत आलं नाही, घरून निरोप पोटात दुखतंय असा आहे, तर बाईंनी घरी जावं की वाट बघावी?

भिंगरी

६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात मुख्याध्यापिकेच्या पर्सचं वजन आहे, बटाटे आहेत, दोरी आहे. चाळीस मुलांपैकी एकाचंही वजन नाही. आणि 'काटा ठीक आहे' हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की ते ऐकल्याबरोबर हत्यारांची पेटी जवळ ओढतो. ठीक आहे म्हणणारा माणूस आठ दिवसांनी काटा परत घेऊन येतो.

तेव्हा संकोच करू नकोस. चौथरा डुगडुगतोय का? सुई शून्यावर परत येत नाही का? प्रवासात स्प्रिंगला धक्का बसला असेल. माझा माणूस पाठवतो, तासाभराचं काम. शिवाय सहावी आणि आठवीसाठी आणखी दोन काटे करायला टाकतोय. तबकडी आणखी बोटभर मोठी घेऊ, आकडे लाल.

पोटदुखीचं विचारलंस. अगं, शाळा चुकवायला आम्हीही पोट दुखवायचो. दोन दिवस पथ्याचं खायला मिळालं की आपोआप बरं व्हायचं. वाट बघ. भूक लागली की येईल.

मामा

११ ऑगस्ट

मामा,

काटे पाठवू नकोस. माणूसही पाठवू नकोस. काटा अगदी बरोबर आहे. तू म्हटलं होतंस तसाच आहे. शेवटच्या बाकावरून आकडा वाचता येतो.

मागच्या पत्रात लपवलं, कारण तू इतक्या हौसेने बनवला होतास. आता लिहिते. सत्राच्या सुरुवातीचं वजन आणि शेवटचं वजन असा तक्ता करायचा होता. मी हजेरीच्या क्रमाने एकेकाला बोलावलं. मुलं हसतखेळत चढत-उतरत होती. तिसऱ्या बाकावरची मुलगी आली. सातवीतली. वेफर्सच्या पुड्याला हात लावत नाही, दोरी फिरवायला सगळ्यांत पुढे. चौथऱ्यावर चढली, आणि सुई बाकीच्यांच्या आकड्यांपाशी थांबलीच नाही, पुढे गेली. मी वहीत लिहायला मान खाली घातली होती. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तो आकडा मोठ्याने वाचला. त्याने आकडाच वाचला मामा, दुसरं काही बोलला नाही. वर्ग हसला. ती उतरली, पट्टी-पेन्सिल दप्तरात भरली, आणि तास संपेपर्यंत बसून राहिली. मला वाटलं, झालं-गेलं. मी पुढचं नाव घेतलं.

पुढचं नाव घेतलं, हेच माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आलेली नाही. आज तिच्या घरी गेले. वडील बेकरीत पाव भाजतात, वरच घर आहे. ती खोलीतून बाहेर आली नाही. वडील पिठाचे हात पुसत म्हणाले, "बाई, पोट दुखतं म्हणते आणि काही खात नाही. दिवसातून एक पेला दूध, फार तर दोन घास भात. बेकरीवाल्याच्या घरात." डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

खायला शिकवायला निघाले होते मी.

भिंगरी

२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. तीन वेळा कागद घेतला आणि फाडला. आता फाडणार नाही.

वाट बघ, भूक लागली की येईल, असं मी लिहिलं. ते वाक्य परत घेतो. आणि पायाचं आठवत नाही असं लिहिलं, तेही. मला सगळं आठवतं.

ताई तेरा वर्षांची, मी अकरा. शाळेच्या वाटेवर मालाचं गोदाम होतं, आणि त्याच्या दाराशी पोती तोलायचा जमिनीतला काटा. शाळा सुटली की फाटकापासून त्या काट्यापर्यंत आमची शर्यत. रोज ताई जिंकायची. एखाद्या दिवशी नाही, रोज. मी धापा टाकत पोचायचो तेव्हा ती काट्यावर उभी राहून वेण्या बांधत असायची. म्हणायची, "आलास? मला वाटलं, मुक्कामाला थांबलास कुठे." गोदामवाला चांगला होता, आमची वजनं करून सांगायचा. मी म्हणजे काडी. ताई त्या वर्षी उंच झाली, भरली, जशा मुली त्या वयात भरतात. पायांनी मी तिला हरवू शकत नव्हतो. एक दिवस मला दुसरी वाट सुचली.

खडू घेतला आणि गोदामाच्या भिंतीवर दोन आकडे लिहिले, माझा आणि तिचा. तिच्या आकड्याखाली दोन वेण्यांचं पोतं काढलं. चित्र चांगलं जमलं होतं, त्याचंच वाईट वाटतं. हमाल हसले. शिट्टीमास्तर घरी चालले होते, ते थांबले, आणि तेही हसले. ताई भिंतीकडे बघत उभी राहिली. मग माझं दप्तर उचलून मला दिलं आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझा पाय दुखतोय, तू हो पुढे." मी पुढे झालो. त्या दिवशी मी पहिला आलो. मागे वळून पाहिलं तर वाटेवर कुणीच नव्हतं. ती मागच्या गल्लीने जायला लागली होती.

घरात तेल चोळलं, लेप लावले, वैद्य झाले. पाय बरा झाला नाही. ताई पुन्हा कधी पळाली नाही. पुढे तुम्हा सगळ्यांना ती खुर्चीतली ताई, खुर्चीतली आई म्हणूनच ठाऊक. पळणारी ताई पाहिलेला जगात फक्त मी उरलोय, आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सत्कारात लोक म्हणतात, काट्याने या माणसाला मोठं केलं. खरं आहे. पण काट्याशी माझी ओळख कुठल्या भिंतीपाशी झाली, ते मी भाषणात सांगत नाही.

आणि या वयात, पुन्हा एकदा, तबकडी घड्याळाएवढी केली मी. लांबून दिसावी म्हणून. कुणाला दिसावी, हे विचारायचं सुचलं नाही. दोष तुझा आहे तसा माझाही आहे.

त्या मुलीकडे पुन्हा जा. पण वर्गासमोर माफी मागायची असं काही मनात आणू नकोस. चव्हाट्यावर जिची फजिती झाली, तिला चव्हाट्यावरची माफी म्हणजे आणखी एक फजिती.

ताईला हे पत्र दाखवू नकोस. किंवा दाखव. मला ठरवता येत नाही, म्हणून तुझ्यावर टाकतोय. आपलं ओझं दुसऱ्यावर टाकू नये असं आयुष्यभर कामगारांना सांगत आलोय, तरी.

मामा

१ सप्टेंबर

मामा,

पत्र आईला दिलं. तुझा राग सोसेन.

तिने ते खिडकीशी उभं राहून वाचलं. उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "अक्षर काही सुधारलं नाही याचं." आणि आत जाऊन म्हणाली, "भात गार होतोय." दोन दिवस मी तुझा विषय काढला की ती भांडी वाजवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारात उभी, माझे जुने कॅनव्हासचे बूट घालून. "त्या मुलीचं घर कुठे आहे?" म्हटलं, गाडी बोलावते. म्हणाली, "चालत." चारदा थांबली. एकदा भिंतीला टेकून, एकदा दुकानाच्या पायरीवर. मी हात द्यायला गेले तर म्हणाली, "तू फक्त रस्ता दाखव."

बेकरीपाशी मला खाली थांबवलं आणि एकटी वर गेली. तासभर होती. भट्टीच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. तुझे कान असते तर बरं झालं असतं. मुलीचे वडील मधूनमधून जिन्याकडे बघत होते. एकदा म्हणाले, "बाई, वर कुणी हसल्यासारखं वाटलं का?" मला नव्हतं वाटलं.

आई खाली आली. विचारलं, काय बोललीस? "तुला सांगायचं असतं तर तुला वर नेलं असतं." एवढंच.

मुलगी अजून शाळेत आलेली नाही.

मी मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं, की वजनाचा तक्ता मिळणार नाही. त्याऐवजी प्रत्येक जण जिना चढून वर आल्यावर आपले ठोके आपल्या वहीत लिहितो, वही कुणी उघडायची नाही, मीसुद्धा. त्या म्हणाल्या, "मग मला फरक कसा दिसणार?" मी म्हटलं, मुलांना स्वतःला दिसेल. तास मात्र त्यांनी अजून गणिताला दिलेला नाही. काट्यावर मुलं आता दप्तरं तोलतात. सातवीचं एक दप्तर तर भाताच्या गोणीसारखं निघालं, आणि त्याच्यात निम्मं वजन गणिताचं.

भिंगरी

१७ सप्टेंबर

धाकट्या,

पत्र मला लिहायचं सोडून पोरीला लिहिलंस. बरं केलंस. मला लिहिलं असतंस तर मी 'जुनं झालं ते' म्हणून मोकळी झाले असते, आणि तूही.

पोत्याला दोन वेण्या होत्या, बरोबर. पण पोत्याचं तोंड तू दोरीने आवळून बांधलं होतंस. ते विसरलास. मी नाही.

आता तुला ठाऊक नाही ते ऐक. पाय पहिल्यांदा मी खोटाच दुखवला. आठ-दहा दिवसांनी राग गेला असता, मी पळाले असते. पण तोवर आपल्या आईने इतकं तेल चोळलं होतं, शेजारणीपाशी इतकी रडली होती, की बरा झाला म्हणायची सोय राहिली नाही. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता खरंच दुखायला लागला. त्यात निम्मं तुझं आणि निम्मं माझं आहे. तू सगळंच्या सगळं स्वतःकडे ओढतोयस. लहानपणापासून हावरट आहेस.

त्या मुलीला मी जाऊन एवढंच म्हटलं, "तू पोट म्हणतेस, मी पाय म्हटलं होतं." आधी ती भिंतीकडे तोंड करून होती. मग वळली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "मग खरं कधी सांगितलंत आजी?" म्हटलं, "आत्ता. तुलाच पहिल्यांदा." पन्नास वर्षांचं ऐकून ती घाबरली बहुतेक. जरा वेळाने उठून खालून येणारा वास घेतला, आणि विचारलं, "तुम्ही पाव खाणार का?" एक पाव दोघींनी मिळून खाल्ला. मोठा तुकडा तिने मला दिला. मी घेतला. देणारीचा मोठेपणा घेणाऱ्याने मोडू नये, हे मला तुला बटाटे देऊन कळलंय.

पुढचे चार-पाच दिवस ती घरातच, पण जेवू लागली. मग मी सकाळी बेकरीपाशी जाऊन उभी राहायला लागले. नुसतं उभं राहायचं. एक दिवस दप्तर घेऊन खाली आली. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत फिरली. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी माझा हात सोडून आत गेली. भिंगरी सांगते, वर्गात कुणी काही बोललं नाही. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावरच्या मुलाने मान खाली घालून दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. तिने पुष्कळ वेळ ते नुसतं धरून ठेवलं, मग फिरवायला लागली.

तुला माफ केलं का, असं पत्रात विचारू नकोस. ये आणि माझ्याबरोबर चाल. शर्यत नको. मी जिंकले तर या वयात तू कुठली भिंत शोधशील.

रोज सकाळी आम्ही दोघी शाळेपर्यंत जातो. पोरगी चालायला चपळ आहे, मनात आणलं तर मला कोसभर मागे टाकील. पण मला धाप लागली की ती मध्येच खाली बसते आणि बुटाची नाडी बांधते. नाडी सुटलेली नसते. मला कळत नाही असं तिला वाटतं, आणि मी तसं वाटू देते.

ताई